भेटीपुरतं

पहिल्या अर्जातल्या फोटोत तिरझाला समोरचे दोन दात आहेत.
आता नाहीत.
म्हणून आधी फोटो. मागे पांढरा पडदा, कान दिसले पाहिजेत,
हसायचं नाही.
स्टुडिओतले यासीनभाई म्हणाले, "बेटा, तोंड मिट,"
तर ती मिटल्या तोंडानंच हसली.
चार वेळा.

नकाराचं पत्र दीड पानाचं.
मी त्याच्या सहा प्रती काढल्या, कशाला ते ठाऊक नाही;
दवाखान्याच्या बोळात झेरॉक्सचं दुकान आहे, हात आपोआप जातो.
एका वाक्याखाली पेन्सिलीनं रेघ मारली:
भेट संपल्यावर अर्जदार मायदेशी परत जाईल
याची आमची खात्री पटलेली नाही.
अर्जदार म्हणजे इयत्ता दुसरी, तुकडी ब.

प्रिसिलाची रात्रपाळी सुटते
तेव्हा मिरजेत जेवणाची वेळ असते.
म्हणते, या वेळी घाई करू नकोस, नीट लिही.
तिच्या वॉर्डात बावीस म्हातारे, सगळ्यांच्या गोळ्या पाठ,
लेकीच्या चपलेचा नंबर मात्र विचारावा लागतो.
तो सांगितला की दोघंही थोडा वेळ गप्प.

मग कागद जमवायला लागलो.
शाळेचा बोनाफाईड. पुढच्या सत्राची फी, आगाऊ भरून.
सहा महिन्यांचं स्टेटमेंट,
आणि त्यात भावाचे दोन लाख कसे आले
याचं भावाच्या सहीचं वेगळं पत्र.
जन्मदाखल्यात तिरझाच्या स्पेलिंगला शेवटचा एच नाही,
पासपोर्टात आहे;
या दोघी एकच, असं कोर्टाबाहेर लोंढे वकिलांनी
स्टॅम्पपेपरवर लिहून दिलं.

परत येण्याचा दाखला कुठल्या टेबलावर मिळतो?
तिलाच विचारलं, सांग, इथं तुझं काय काय आहे.
करंगळीपासून मोजायला लागली.
सायकल, पण चेन पडलीय.
मांजर, पण ते कुल्लोळींचं.
नाताळच्या नाटकातला मेंढीचा पार्ट.
रेहानाला उसना दिलेला शार्पनर.
तू.
मी अंगठ्यावर आलो.

मी लिहून घेत होतो. तर म्हणाली,
"पण पप्पा, मम्मी तिथंच आहे
तर मी परत कशाला यायचं?"

साहेबाला हे तिच्याआधी सुचलं होतं.
कुठल्या तरी शहरात, कुठल्या तरी खिडकीशी बसलेला तो,
माझ्या पोरीला माझ्याहून जास्त ओळखतो
म्हणून त्याचा राग आला.
मग दुकान उघडायला गेलो.

काउंटरखाली बिस्किटांचा एक पत्र्याचा डबा आहे.
लोक झेरॉक्स घेऊन जातात, मूळ कागद काचेवर विसरतात.
रेशनकार्ड, डिस्चार्ज कार्ड, कुणाचा दहावीचा दाखला.
बहुतेक जण संध्याकाळपर्यंत धापा टाकत येतात.
कवठेमहांकाळच्या एका बाईंचं लग्नाचं सर्टिफिकेट
चार वर्षं झाली, पडून आहे.
फेकवत नाही.

रात्री ती झोपल्यावर शेवटचा परिच्छेद लिहिला:
माझी मुलगी आईला भेटून एकवीस दिवसांनी मिरजेला परत येईल.
वाचून बघितलं. साहेबासाठी पुरेसं होतं.
खाली अजून एक ओळ लिहिली, खोडली,
आणि खाडाखोड चालत नाही म्हणून
सगळं पत्र नव्या कागदावर पहिल्यापासून उतरवलं.

पहाटेच्या गाडीनं पुण्याला गेलो, ठसे द्यायला.
मशीनला तिची बोटं कळेनात, एवढीशी, घामेजलेली.
काचेपलीकडच्या बाई म्हणाल्या, पुसा आणि पुन्हा ठेवा.
तिनं हात माझ्या शर्टाला पुसले.
पुन्हा ठेवले.
चार बोटं लगेच उमटली.
अंगठ्याला तेवढा वेळ लागला.